दिग्दर्शनाचा पाठ

"हा बोलतो का?"

त्या गोऱ्या पोरानं असं विचारलं. मला नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुलभाला विचारलं. मी त्याच्यापासनं चार हातांवर होतो. अंगात नवा शिवलेला कोट, गळ्यात उसना टाय आणि कोटावरनं खांद्यावर घोंगडं. ते शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं टाकलं होतं. माझ्या हातात खडू होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला, "खडू नको हं" म्हणाल्या, आणि माझ्याच पिशवीतली लोकर कातायची टकळी माझ्या हातात दिली. समोरच्या टेबलावर पुठ्ठ्याचा फलक उभा केलेला. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: भारतातला मेंढपाळ. खाली: डेमॉन्स्ट्रेशन, अकरा वाजता.

सुलभा हसली. त्या पोराला म्हणाली, "थोडं थोडं."

थोडं थोडं! अरे, मी बी.ए. झालेला माणूस. भूगोल घेऊन झालेला. त्या दिवशीचा पाठ मी इंग्रजीतनं तोंडपाठ केला होता, सोलापुरातल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून, वीस वीस वेळा. शेजारी मागांचा खडखडाट चालू असायचा आणि मी त्याच्या वर आवाज काढून भिंतीला पाऊस शिकवायचो. आणि ही म्हणते थोडं थोडं. शंभरएक पोरं जमिनीवर मांडी घालून माझ्याकडं बघत होती, दारात आलेलं अस्वल बघावं तशी. माझे कान तापले.

हे घडलं इंग्लंडात. पण शिजलं सोलापुरात. ते आधी सांगतो.

आम्ही धनगर, सांगोल्याकडचे. बहात्तरच्या दुष्काळात आमची निम्मी मेंढरं गेली. मी कॉलेज सोडून वर्षभर रस्त्यावर खडी फोडली, मग परत कॉलेजात गेलो, बी.ए. झालो आणि सोलापूरला बी.एड.ला नाव घातलं. संशय आमच्या घरात दुधाबरोबर पाजतात. माझा बाप म्हणायचा, "फुकटचं हिरवं दिसलं की आदी भवतीनं फिरून बघावं. मग मेंढरं सोडावी." मी तसाच. दुकानदार गोड बोलला की मी तराजूकडं बघणार. कुणी पाठीवर हात ठेवला की मला वाटायचं, आता हा काय मागतोय.

एवढा संशयी मी. आणि एका शब्दानं फसलो.

तो शब्द समजायला बी.एड.चं थोडं सांगायला पाहिजे. बी.एड. म्हणजे पाठ. पाठ दोन जातींचे. एक सराव पाठ. तो आम्ही शिकाऊ मास्तरांनी खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर घ्यायचा. निरीक्षकानं मागच्या बाकावर बसून चुका लिहायच्या. दुसरा दिग्दर्शन पाठ. तो मुरलेल्या शिक्षकानं घ्यायचा आणि आम्ही सगळ्यांनी मागं बसून त्याचं बघून शिकायचं. कॉलेजात 'दिग्दर्शन' कुणी म्हणायचं नाही. 'डेमॉन्स्ट्रेशन' म्हणायचे. आज अमक्या सरांचं डेमॉन्स्ट्रेशन आहे म्हटलं की आम्ही वह्या घेऊन पळायचो. आमच्यासाठी तो मानाचा शब्द होता.

माझ्या तिसऱ्या सराव पाठाला प्राचार्य स्वतः निरीक्षक होते. त्यांनी शेरा लिहिला आणि चर्चेच्या तासाला सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "उच्चार ग्रामीण. आवाज वर्गाचा नाही, रानाचा." मी पाठात 'तुम्ही' ऐवजी 'तुमी' म्हणालो होतो, किती वेळा म्हणालो तेही त्यांनी मोजून ठेवलं होतं. पोरं हसली. पोरी हसल्या. मीही हसलो. हसलो याचीच लाज अजून वाटते.

आणि त्याच प्राचार्यांनी दोन महिन्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बस."

मला त्यांनी कधी बस म्हटलेलं नव्हतं. तिथंच पाल चुकचुकली.

"इंग्लंडमधल्या एका अध्यापक कॉलेजचं पत्र आलंय. आपले दोन विद्यार्थी सहा आठवडे तिकडच्या शाळेत जाणार. सगळा खर्च त्यांचा. उरलेल्या दहा पाठांचं काम तिथं झालं तर आपण ते इथं धरणार आहोत. सुलभा जातेय. आणि तू."

सुलभा आमच्याच वर्गातली. तिचे काका संस्थेच्या कार्यकारिणीवर. तिचं नाव ऐकून काही वाटलं नाही. माझं ऐकून मी हादरलो.

"मी, सर?"

"सुलभा प्रॅक्टिसला. तू डेमॉन्स्ट्रेशनला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती सराव पाठ घेणार, आणि मी दिग्दर्शन? रानाचा आवाज? "सर, विषय कोणता घेऊ?"

"तुझाच की." मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "घरनं थोडी लोकर आण. टकळी आण. घोंगडं तर असेलच. साधन म्हणून लागेल. आणि काय रे, तुमच्या लोकांत तो ढोलावरचा नाच असतो ना? येतो का तुला?"

"न्हाय, सर."

"बरं. बघू."

आता वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळलं नाही. कारण पाठाला शैक्षणिक साधनं लागतात. नदीचा पाठ असला की नकाशा न्यायचा, फुलाचा असला की फूल न्यायचं. भूगोलाचा माणूस, विषय 'तुझाच', साधन लोकर. मी हिशेब लावला की मेंढपाळांच्या मुलखावर पाठ द्यायचाय. मला दुसरं सुचणार कसं? मी बी.एड.च्या शब्दांत वाढत होतो.

संशय मी भरपूर घेतला, पण सगळा भलतीकडं. कारकुनाकडनं फॉर्म दोनदा वाचून घेतला, कुठं जन्मभराची सही तर नाही ना बघायला. तिकडं धर्म बदलायला लावतील असं वाटलं. विमानात बसवून भलत्याच देशात उतरवतील असंही वाटलं. गोऱ्यांवर संशय घेतला, कारकुनावर घेतला, विमानावर घेतला. प्राचार्यांवर घेतला तो निम्म्यात सोडून दिला. माणूस मोठेपणा देत असला की आपण डोळे झाकून घेतो. मी हरभऱ्याच्या झाडावर आपल्या पायानं चढलो.

गावी लोकर आणायला गेलो. आई लोकर कातत बसली होती. सगळं ऐकून तिनं हात थांबवला.

"त्येंच्याकडं मेंढरं न्हाईत व्हय?"

"हाईत की. लई हाईत."

"मग आपली लोकर कशाला मागत्यात?"

"शिकवायला, आई. दाखवायला लागतं."

"कुणाला दाखवायचं? लोकरीला का तुला?"

मी चिडलो. म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. तिनं गप तिच्या हातातली टकळी पुसून माझ्या पिशवीत टाकली. जी गोष्ट तिला चुलीपाशी बसून कळली ती मला बी.ए. होऊन कळली नाही.

पाठ मात्र मी झकास काढला. पर्जन्यछाया. डोंगर ढग अडवतो, पलीकडं धो धो पाऊस, अलीकडं कोरडं. त्या कोरड्यात माणसं मेंढरं घेऊन का फिरतात, ते सगळं पाठाच्या टाचणात उतरवलं. तक्ते रंगवले. पाठाच्या सुरुवातीला हेतुकथन करावं लागतं, म्हणजे आज आपण काय शिकणार ते मुलांना उघड सांगायचं. ते राहिलं की मार्क कापतात. प्राचार्यांनी माझ्यापुढं हेतुकथन केलंच नव्हतं. त्यांचे मार्क कुणी कापायचे?

इंग्लंडातलं ते गाव गिरण्यांचं होतं, आमच्यासारखंच, फक्त ओलं. पहिले दोन आठवडे नुसतं वर्गात मागं बसून बघायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात सुलभानं पहिला पाठ घेतला, गणिताचा. बरा घेतला. मी रोज तिला विचारायचो, "माझा पाठ कुठल्या वर्गावर लावलाय, तुम्हाला काही बोलल्या का बाई?" ती म्हणायची, "होईल रे, तू कशाला घाई करतोस." आणि दुसरीकडं बघायची. ती मला तू म्हणायची, मी तिला तुम्ही. वर्गमित्रच आम्ही, वयही सारखंच. हे कुणी ठरवलं नव्हतं, सोलापुरातनंच तसं चालत आलं होतं.

मग तो बुधवार उजाडला. सकाळी निघताना मी तक्त्यांची गुंडाळी काखेत मारली, तर सुलभा म्हणाली, "ती राहू दे. हॉलमध्ये आहे तुझं, तिथं टांगायला जागा नाही." मी ठेवली. हॉलमध्ये गेलो तर फळा नाही. टेबल, स्टूल आणि तो फलक. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

"थोडं थोडं" ऐकलं, आणि एका क्षणात सगळं लागलं. लोकर, टकळी, नाच, "तुझाच की." मी पाठ घेणारा नव्हतो. मीच साधन होतो.

बाई मला हातानं खूण करत होत्या, बसा, कातायला लागा. प्रेमानं करत होत्या. त्या प्रेमाचाच जास्त राग आला. वाटलं, टकळी आपटावी आणि निघून जावं. पण निघून गेलो असतो तर ती पोरं घरी जाऊन काय म्हणाली असती? भारतातला मेंढपाळ आला होता, बिथरला, पळाला.

मी टकळी टेबलावर ठेवली. घोंगडं काढलं. फेकलं नाही, आईनं कातलेल्या लोकरीचं ते. नीट घडी घालून स्टुलावर ठेवलं. मग बाईंपुढं हात केला.

"चॉक, प्लीज."

त्यांना कळेना. मी परत म्हणालो, "माझा खडू. मी शिक्षक आहे."

त्यांनी सुलभाकडं बघितलं. सुलभानं मान खाली घातली. बाईंनी खडू दिला. मी तो फलक उचलला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी. त्यावर डोंगराची रांग काढली, ढग काढले आणि खणखणीत आवाजात हेतुकथन केलं: आज आपण पाऊस काही गावांना का टाळतो ते शिकणार आहोत.

पहिली पाच मिनिटं इंग्रजी अडखळलं. मग अडखळायचं थांबलं. मी तोंडपाठ केलेलं निम्मं विसरलो आणि दुष्काळ सांगितला, खडी फोडलेली सांगितली, मेंढरं कशी बसल्या जागी मरतात ते सांगितलं. मघाच्या त्याच पोरानं हात वर केला. विचारलं, "मग तुम्ही पाणी कुठून आणायचा?" मला विचारलं. मी उत्तर दिलं. चाळीस मिनिटं झाली, गृहपाठ दिला, फळा पुसतात तसा पुठ्ठा पुसला आणि थांबलो.

बाहेर आल्यावर सुलभाला म्हणालो, "तुला माहीत होतं."

तू म्हणालो. पहिल्यांदा. तिला ते लागलं, हेही दिसलं.

"सरांनी तुला सांगितलं नव्हतं का?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला चालतंय."

मला चालतंय! कुणी काहीही सांगावं आणि याला चालतंय, असं तोंड घेऊन मी वर्षभर वावरलो असणार. तिच्यावर रागावलो. तिच्याहून जास्त स्वतःवर.

दुपारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. विचारलं, शिकाऊ मास्तर बोलावून त्याला सूत कातायला बसवायची तुमच्याकडं रीत आहे का? मला वाटलं होतं, गोऱ्या साहेबानंच डाव टाकलाय. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी कपाटातनं फाइल काढली आणि एक पत्र माझ्यापुढं ठेवलं. आमच्या कॉलेजचं. खाली प्राचार्यांची सही. "सदर मुलगा आदिम मेंढपाळ जमातीतील असून वर्गात शिकवण्यास योग्य नाही. तथापि लोकर कातणे व लोकनृत्य यांचे डेमॉन्स्ट्रेशन मुलांना रंजक वाटेल." हे असं इंग्रजीत, टाइप केलेलं, समासबिमास सोडून.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला त्या टेबलावर कळला. प्रात्यक्षिक. गारुडी करतो ते.

"आम्ही दोन शिक्षक मागितले होते," बाई म्हणाल्या. "दोन्ही जागा शिकवण्याच्याच होत्या."

म्हणजे घोंगडं त्यांनी टाकलं, पण ते आमच्याकडनंच आलेलं. मी पत्राची नक्कल मागितली. त्यांनी दिली. वर त्यांनी सोलापूरला लिहून विचारलं की याला उरलेले पाठ घेऊ द्यावेत का. उत्तर यायला अडीच आठवडे लागले. उत्तर आलं: ठरल्याप्रमाणेच करावे. तोवर मी सुलभाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिचे पाठ बघत होतो. तिचे दहा झाले. माझा एक.

परत आलो. सोलापुरात कॉलेजनं दोघांचा सत्कार ठेवला. हॉलमध्ये माणसं जमायला लागली, आणि तेवढ्यात शिपाई मला बोलवायला आला. केबिनमध्ये प्राचार्य एकटेच होते.

"तू कॉलेजचं नाव घालवलंस."

मी पत्राची नक्कल टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नंतर जे बोलले त्यात एकदम साखर होती.

"अरे, हा भाषेचा गैरसमज आहे. मोठं करू नकोस. तुझे परदेशातले दहा पाठ झाले असा दाखला मी देतो. परीक्षेला बस, पास हो. सांगोल्याच्या हायस्कूलात जागा आहे, मी शब्द टाकतो. तू फक्त एवढं लिहून दे की गैरसमज झाला होता. आणि हा कागद इथंच राहू दे."

दहा पाठ. न घेतलेले. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि आता वर्ष संपायला आलेलं. पुढं नोकरी, तीही घराजवळ. खोटं कशाला सांगू, हात पेनाकडं गेला होता. घर डोळ्यापुढं आलं, बाप आला, उरलेली मेंढरं आली. मग विचार आला: नऊ खोटे पाठ पदरात घेतले, की खरा घेतलेला एकसुद्धा खोटाच होणार. उद्या हेच म्हणतील, याला शिकवता येत नव्हतं, आम्ही कागदावर तारला.

"दहा नकोत, सर. मी एक घेतला. एक लिहा. आणि पाठ लिहा. प्रात्यक्षिक न्हाय."

न्हाय म्हणालो. नाही म्हणता येत होतं, तरी मुद्दाम म्हणालो.

"एका पाठावर परीक्षेला बसता येणार नाही."

"म्हाईत हाय."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या की."

"माज आलाय तुला. विमानात बसून आला ना."

"विमानात तुमीच बसवलं, सर. उतरलो मी माझ्या पायानं."

त्यांनी दाखला लिहिला नाही. पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं आणि सत्काराला निघून गेले. मी नक्कल उचलली आणि कारकुनाच्या टेबलाशी आलो. कोरा कागद मागितला. हॉलमधनं टाळ्यांचा आवाज येत होता, सुलभाला हार घालत असतील. माझंही नाव दोनदा पुकारलं. मी गेलो नाही. उभ्यानं अर्ज लिहिला. कारकून म्हणाला, "कशाला नादी लागता, घ्या की दहा." मी म्हटलं, "आवक नंबर टाका." त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

अर्जात एवढंच होतं. मी परदेशात एक पाठ घेतला, त्याची नोंद व्हावी. नोंद होईपर्यंत दर सोमवारी मी या टेबलाशी येऊन विचारणार. माझे नऊ पाठ बाकी आहेत. ते मी पुढच्या वर्षी याच कॉलेजात, याच गावच्या शाळेत, माझ्या भाषेत आणि माझ्या आवाजात घेणार. कुणाच्या मेहेरबानीचा अर्धासुद्धा नको. नऊच्या नऊ पाठांना निरीक्षक म्हणून प्राचार्यांनी स्वतः मागच्या बाकावर बसावं, ही विनंती.